लिंकिंग करताना सिम्बॉलवर ताबा कसा ठेवावा: बाइंडिंग, दृश्यता आणि आवृत्ती

शेअर्ड लायब्ररी आपलेच एखादे फंक्शन बोलावते आणि प्रत्यक्षात भलतेच कोणाचे तरी फंक्शन चालते, हा अनुभव लिनक्सवर सी किंवा सी प्लस प्लसमध्ये काम करणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी येतो. समजा, तिथी आणि नक्षत्र काढून देणारी ‘लिबपंचांग’ नावाची लायब्ररी आपण लिहिली. बाहेरच्यांसाठी तिच्यात ‘पंचांग_तिथी’ आणि ‘पंचांग_नक्षत्र’ ही दोनच फंक्शने आहेत. ‘ज्युलियन_दिवस’ आणि ‘नोंद_लिहा’ ही आतल्या कामाची आहेत. ज्या प्रोग्रॅमने ही लायब्ररी वापरायला घेतली, त्यातही योगायोगाने ‘नोंद_लिहा’ याच नावाचे, पण वेगळी आर्ग्युमेंट घेणारे फंक्शन आहे. कंपायलर तक्रार करत नाही, ऑब्जेक्ट फाइली जोडून प्रोग्रॅम तयार करणारा लिंकरही करत नाही. प्रोग्रॅम सुरू होतो आणि लायब्ररीने केलेला ‘नोंद_लिहा’चा पहिलाच कॉल प्रोग्रॅममधल्या फंक्शनकडे जातो.

यात लिंकरची चूक नाही. एल्फ या फाइलप्रकारात शेअर्ड लायब्ररीचे वागणे मुद्दाम जुन्या स्टॅटिक लायब्ररीसारखे ठेवले आहे: प्रोग्रॅममध्ये व्याख्या असेल तर ती आधी, लायब्ररीतली नंतर. नावे कोणाला दिसावीत आणि कोणाशी जोडली जावीत हे आपण सांगितले नाही, तर लिंकर सगळीच नावे सार्वजनिक धरतो. ते सांगायचे कसे, हे या लेखात क्रमाने पाहू. विवेचन लिनक्स, जीसीसी आणि ग्नू बायन्युटिल्स यांच्यापुरते आहे. विंडोज आणि मॅकओएस यांचे नियम वेगळे आहेत. आज्ञा व पर्याय येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीत छोट्या अक्षरांत लिहावेत, आणि जिथे कॅपिटल अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे; ‘एलडी_’ने सुरू होणारी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची नावे मात्र पूर्ण कॅपिटल अक्षरांत लिहावीत.

पहिली पायरी: सिम्बॉल टेबल वाचायला शिका

काहीही बदलण्याआधी आहे ते पाहावे. ६४ बिटच्या एल्फमध्ये प्रत्येक सिम्बॉलची, म्हणजे फंक्शन किंवा व्हेरिएबलच्या नावाची, नोंद २४ बाइटची असते. त्यात नावाचा पत्ता, किंमत, आकार आणि सेक्शनचा क्रमांक असतो, आणि आपल्या कामाचे दोन बाइट असतात. पहिल्या बाइटच्या वरच्या चार बिटांत बाइंडिंग आणि खालच्या चार बिटांत प्रकार असतो. दुसऱ्या बाइटच्या खालच्या दोन बिटांत दृश्यता, म्हणजे व्हिजिबिलिटी असते. बाइंडिंग आणि दृश्यता या दोन वेगवेगळ्या जागी ठेवलेल्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे येथेच मनात पक्के करावे, कारण पुढचा बहुतेक गोंधळ त्या एकच समजल्याने होतो.

बाइंडिंग मुख्यतः तीन प्रकारचे: लोकल (०), ग्लोबल (१) आणि वीक (२). ऑब्जेक्ट फाइली एकत्र करताना एकाच नावाच्या दोन व्याख्यांपैकी कोणती घ्यायची, याचे उत्तर बाइंडिंग देते. दृश्यता चार प्रकारची: डिफॉल्ट (०), इंटर्नल (१), हिडन (२) आणि प्रोटेक्टेड (३). तयार झालेल्या लायब्ररीच्या किंवा प्रोग्रॅमच्या बाहेर ते नाव दिसावे का, आणि बाहेरच्या कोणी त्याची जागा घ्यावी का, याचे उत्तर दृश्यता देते. पहिल्या प्रश्नाचा निकाल लिंक होताना लागतो, दुसऱ्याचा परिणाम प्रोग्रॅम चालू होताना दिसतो.

‘रीडएल्फ -एस’ ही आज्ञा ऑब्जेक्ट फाइलवर चालवली की ही माहिती स्वतंत्र रकान्यांत दिसते. लांब नावे कापली जाऊ नयेत म्हणून त्यासोबत कॅपिटल डब्ल्यूचा पर्याय द्यावा. रोजच्या कामाला ‘एनएम’ पुरते. त्यातली एका अक्षराची खूण अशी वाचावी: टी म्हणजे कोड, डी म्हणजे सुरुवातीची किंमत असलेला डेटा, बी म्हणजे शून्याने भरायचा डेटा, आर म्हणजे केवळ वाचण्याचा डेटा. अक्षर कॅपिटल असेल तर सिम्बॉल ग्लोबल, छोटे असेल तर लोकल. कॅपिटल यू म्हणजे व्याख्या येथे नाही, बाहेरून हवी आहे. डब्ल्यू आणि व्ही या खुणा वीक सिम्बॉलच्या आहेत. त्यांचे अक्षर छोटे असेल तर तो वीक आणि व्याख्याही नसलेला सिम्बॉल आहे, असे समजावे.

शेअर्ड लायब्ररीत दोन टेबले असतात. एक संपूर्ण टेबल, जे ‘स्ट्रिप’ने काढून टाकता येते, आणि दुसरे डायनॅमिक टेबल, जे प्रोग्रॅम चालताना लागते म्हणून ‘स्ट्रिप’ त्याला हात लावत नाही. दुसरे पाहण्यासाठी ‘एनएम’ला कॅपिटल डीचा पर्याय द्यावा. ‘स्ट्रिप’ केल्यामुळे आतली नावे लपली, असे मानणारे अनेक जण मी पाहिले आहेत. डायनॅमिक टेबलातली सर्व नावे तशीच राहतात. आपल्या लिबपंचांगवर ही आज्ञा चालवली तर दोनऐवजी चारही फंक्शने तिथे दिसतील, आणि आपल्या दुखण्याचे मूळ तेच आहे.

दुसरी पायरी: जे एका फाइलचे, ते त्या फाइलमध्येच ठेवा

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय ‘स्टॅटिक’ हा शब्द आहे. जे फंक्शन किंवा व्हेरिएबल एकाच सोर्स फाइलमध्ये वापरले जाते, त्याच्या व्याख्येआधी ‘स्टॅटिक’ लिहावे; सी प्लस प्लसमध्ये अनामिक नेमस्पेसही चालते. असा सिम्बॉल लोकल होतो, दुसऱ्या फाइलशी त्याचा संबंधच येत नाही आणि कंपायलरला ते फंक्शन मोकळेपणाने इनलाइन करता येते. राहून गेलेली ठिकाणे शोधायला जीसीसीचा ‘-डब्ल्यूमिसिंग-प्रोटोटाइप्स’ हा इशारा उपयोगी पडतो (यातला डब्ल्यू कॅपिटल): हेडरमध्ये जाहीर न केलेले प्रत्येक ग्लोबल फंक्शन तो दाखवतो, आणि त्यांपैकी बहुतेकांवर ‘स्टॅटिक’ हवे असते.

याच ठिकाणी एक जुनी सवय सोडून द्यावी. हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ न लिहिता ‘इंट मोजणी;’ असे व्हेरिएबल लिहिले, तर जुने जीसीसी त्याला कॉमन सिम्बॉल करत असे आणि लिंकर सगळ्या फाइलींतले असे सिम्बॉल गुपचूप एकत्र करत असे. २०२० साली आलेल्या जीसीसी १० पासून ही सूट मुळातच बंद आहे, त्यामुळे जुना कोड नव्या कंपायलरवर नेला की ‘मल्टिपल डेफिनिशन’ची त्रुटी दिसते. ‘-एफकॉमन’ देऊन ती दाबण्यापेक्षा हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ आणि एकाच सोर्स फाइलमध्ये व्याख्या, अशी दुरुस्ती करावी.

तिसरी पायरी: वीक सिम्बॉल जपून वापरा

वीक बाइंडिंगचा नियम ऐकायला सोपा आहे. एकाच नावाच्या दोन ग्लोबल व्याख्या आल्या तर त्रुटी येते. एक ग्लोबल आणि एक वीक आली तर ग्लोबल घेतली जाते. दोन्ही वीक असतील तर आधी आलेली घेतली जाते. व्याख्येवर ‘वीक’ ॲट्रिब्यूट लावले की झाले. असेंब्लीत ‘.वीक’ हे डायरेक्टिव्ह आहे, आणि सोर्सला हात लावता येत नसेल तर ‘ऑब्जकॉपी’चा ‘--वीकन-सिम्बॉल’ पर्याय तयार ऑब्जेक्ट फाइलमध्ये तोच बदल करतो.

याचा सर्वांत प्रामाणिक उपयोग मायक्रोकंट्रोलरच्या स्टार्टअप फाइलमध्ये दिसतो. एसटीएम३२ मालिकेतल्या चिपसाठी मिळणाऱ्या स्टार्टअप फाइलमध्ये प्रत्येक इंटरप्टच्या हँडलरचे नाव वीक असते आणि ते सगळे एकाच ‘डिफॉल्ट_हँडलर’ची उपनावे असतात, तो हँडलर म्हणजे न संपणारे वर्तुळ. आपण त्याच नावाचे साधे फंक्शन लिहिले की वीक व्याख्या मागे पडते आणि व्हेक्टर टेबलात आपला पत्ता बसतो. म्हणून नावात एका अक्षराची चूक झाली तर कोणतीही त्रुटी येत नाही, फक्त इंटरप्ट आल्यावर चिप गोठते. हँडलर सी प्लस प्लसच्या फाइलमध्ये असेल तर त्यावर ‘एक्स्टर्न सी’ (यातला सी कॅपिटल) हवेच, नाहीतर नावाचे मँगलिंग होऊन, म्हणजे कंपायलरने नावात प्रकारांची माहिती मिसळून, ते वीक नावाशी जुळत नाही आणि परिणाम तोच होतो.

परंतु खरा सापळा स्टॅटिक लायब्ररीत आहे, आणि त्यात मी स्वतः दोन दिवस अडकलो आहे. आमच्या एका प्रकल्पात यूएआर्टचा, म्हणजे सिरियल पोर्टचा, हँडलर स्वतंत्र फाइलमध्ये होता आणि ती फाइल ड्रायव्हरांच्या ‘.ए’ लायब्ररीत होती. नाव बरोबर, कोड बरोबर, ‘एनएम’ने लायब्ररीत पाहिले तर कॅपिटल टी, तरीही अंतिम फाइलमध्ये डिफॉल्ट हँडलरच. कारण असे, की लिंकर ‘.ए’ लायब्ररीतला सदस्य (आतली एकेक ऑब्जेक्ट फाइल) तेव्हाच उचलतो, जेव्हा तोपर्यंत अपूर्ण राहिलेल्या एखाद्या नावाची व्याख्या त्या सदस्यात असते. स्टार्टअप फाइलमधल्या वीक व्याख्येमुळे ते नाव आधीच पूर्ण झालेले होते. लिंकरला शोधण्याचे कारणच उरले नाही, म्हणून वीकपेक्षा वरचढ असलेली आमची व्याख्या स्पर्धेत उतरलीच नाही. वरचढपणाचा नियम उचललेल्या फाइलींपुरताच असतो.

यावर चांगला उपाय असा, की हँडलर त्याच सोर्स फाइलमध्ये ठेवावा ज्यात त्या उपकरणाचे सुरुवातीचे फंक्शन आहे. ते फंक्शन कोणीतरी बोलावतेच, त्यामुळे संपूर्ण सदस्य उचलला जातो आणि हँडलर आपोआप सोबत येतो. दिलेले नाव अपूर्ण आहे असे धरायला लावणारा लिंकरचा ‘-यू’ पर्याय हँडलरच्याच नावाने दिला, तर स्टार्टअप फाइल आधी आल्यास तो कामी येत नाही, कारण ती अपूर्णता वीक व्याख्या लगेच भरून काढते. त्या फाइलमधल्या दुसऱ्या एखाद्या नावाने तो दिला तर चालतो. ‘--होल-आर्काइव्ह’ आणि ‘--नो-होल-आर्काइव्ह’ यांच्यामध्ये लायब्ररी ठेवली तर तिचे सगळे सदस्य घेतले जातात, पण नको असलेला कोडही सोबत येतो. कोणती फाइल कशामुळे उचलली गेली हे ‘-मॅप’ पर्यायाने तयार होणाऱ्या नकाशाच्या सुरुवातीलाच लिहिलेले असते (येथे एम कॅपिटल), आणि एखाद्या नावाचा प्रवास पाहायचा असेल तर ‘--ट्रेस-सिम्बॉल’ वापरावा. हे दोन पर्याय मला त्या वेळी माहीत असते, तर दोन दिवसांऐवजी पाव तास पुरला असता.

वीकची दुसरी बाजू म्हणजे व्याख्या नसलेले वीक नाव. फंक्शन वीक म्हणून केवळ जाहीर केले आणि ते कुठेच सापडले नाही, तर त्याचा पत्ता शून्य धरला जातो आणि त्रुटी येत नाही. बोलावण्याआधी पत्ता शून्य नाही ना हे तपासून वैकल्पिक सुविधा देता येते. परंतु असे नाव ‘.ए’ लायब्ररीतून सदस्य उचलण्यास कारण होत नाही. लिनक्सवर थ्रेडच्या लायब्ररीबाबत हा घोटाळा वर्षानुवर्षे होत राहिला: काही नावे वीक असल्याने स्टॅटिक लिंकिंगमध्ये ती अर्धवटच भरली जात आणि शून्य पत्त्यावर उडी मारून प्रोग्रॅम कोसळत. ग्लिबसी या ग्नूच्या सी लायब्ररीच्या २०२१ साली आलेल्या २.३४ आवृत्तीमध्ये थ्रेडची लायब्ररी मुख्य लायब्ररीतच सामावून घेतली गेली.

आणखी दोन सूचना. वीक ॲट्रिब्यूट सामायिक हेडरमधल्या घोषणेवर कधीही लावू नये, कारण ते हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाइलमधली व्याख्या वीक होते आणि मग निकाल केवळ फाइलींच्या क्रमावर लागतो. ते व्याख्येजवळच लिहावे. दुसरे असे, की प्रोग्रॅम चालताना शेअर्ड लायब्ररींतली नावे जोडणारा डायनॅमिक लिंकर वीक आणि ग्लोबल असा भेद करत नाही. शोधाच्या क्रमात जी व्याख्या आधी सापडेल ती घेतली जाते, २.२ पूर्वीच्या ग्लिबसीचे जुने वागणे हवे असेल तर ‘एलडी_डायनॅमिक_वीक’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, पण त्यावर कोणतीही रचना उभारू नये. म्हणजेच शेअर्ड लायब्ररींच्या दरम्यान वीकने प्राधान्य ठरवता येत नाही. तेथे दृश्यता वापरावी लागते.

चौथी पायरी: आधी सगळे लपवा, मग हवे ते उघडा

आता लिबपंचांगकडे परत येऊ. ‘ज्युलियन_दिवस’ लायब्ररीच्या अनेक फाइलींत लागते, म्हणून ते ‘स्टॅटिक’ करता येत नाही. त्याला ग्लोबल बाइंडिंग आणि हिडन दृश्यता हवी: लायब्ररीच्या आतल्या सर्व फाइलींना दिसेल, बाहेर कोणालाही नाही. एकेका फंक्शनवर हिडन लिहीत बसणे टिकत नाही, कारण नवे फंक्शन लिहिणारा विसरतो. म्हणून उलट दिशेने जावे. सगळ्या फाइली ‘-एफव्हिजिबिलिटी=हिडन’ देऊन कंपाइल कराव्यात आणि सार्वजनिक हेडरमध्ये ‘पंचांग_एपीआय’ असा मॅक्रो करावा, ज्याचा विस्तार डिफॉल्ट दृश्यतेच्या ॲट्रिब्यूटमध्ये होतो. हा मॅक्रो ‘पंचांग_तिथी’ आणि ‘पंचांग_नक्षत्र’ यांच्या घोषणांवर लावला की काम झाले. आता विसरण्याचा परिणामही बरा होतो: मॅक्रो विसरला तर नाव बाहेर दिसत नाही, वापरणाऱ्याला लगेच लिंकची त्रुटी येते आणि दुरुस्ती होते. नाव चुकून बाहेर गेले तर मात्र ते कोणीतरी वापरू लागतो आणि परत घेता येत नाही.

लायब्ररी पुन्हा बांधून ‘एनएम’ कॅपिटल डीसह चालवावे. आपल्या फंक्शनांपैकी दोनच उरलेली दिसतील. संपूर्ण टेबलात ‘ज्युलियन_दिवस’समोर आता छोटा टी असेल, कारण अंतिम लायब्ररी तयार करताना लिंकर हिडन सिम्बॉलचे बाइंडिंग लोकल करून टाकतो. आणि ‘नोंद_लिहा’चा कॉल आता लायब्ररीतच राहतो, प्रोग्रॅमचे त्याच नावाचे फंक्शन मध्ये येऊ शकत नाही.

येथे एक बारकावा आहे, जो अनेकदा सुटतो. ‘-एफव्हिजिबिलिटी’ केवळ व्याख्यांना लागू होते, ‘एक्स्टर्न’ घोषणांना नाही. दुसऱ्या फाइलमधले हिडन व्हेरिएबल वापरताना कंपायलरला ते हिडन असल्याचे माहीत नसते, म्हणून तो पत्ते साठवणाऱ्या ग्लोबल ऑफसेट टेबलमार्गे जाणारा कोड तयार करतो. लिंकर त्यातला काही भाग नंतर सुधारतो, सगळा नाही. म्हणून आतल्या हेडरांच्या सुरुवातीला ‘प्रॅग्मा जीसीसी व्हिजिबिलिटी पुश’ (यातले जीसीसी कॅपिटल) हिडनसह लिहावे आणि शेवटी ‘पॉप’ करावे. हा प्रॅग्मा घोषणांनाही लागू होतो. मात्र त्या दोन ओळींच्या मध्ये सिस्टिमचे हेडर समाविष्ट करू नये. तसे केले तर ‘प्रिंटएफ’सारखे बाहेरचे फंक्शनही हिडन म्हणून जाहीर होते आणि लिंकर ते याच लायब्ररीत शोधू लागतो.

एकाच नावावर वेगवेगळ्या फाइलींनी वेगवेगळी दृश्यता सांगितली, तर सर्वांत कडक दृश्यता मान्य होते. व्याख्या डिफॉल्ट असूनही केवळ एका फाइलमधल्या घोषणेत हिडन असेल, तरी ते नाव बाहेरून नाहीसे होते. ‘मी तर मॅक्रो लावला आहे, तरी नाव का दिसत नाही’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा येथेच सापडते. प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलवर ‘रीडएल्फ’ चालवून त्या नावाचा दृश्यतेचा रकाना पाहावा.

प्रोटेक्टेड दृश्यता कागदावर आकर्षक वाटते: नाव बाहेर दिसते, पण लायब्ररीचे स्वतःचे कॉल आतच राहतात. मी ती टाळण्याचा सल्ला देईन, विशेषतः व्हेरिएबलसाठी. पारंपरिक पद्धतीने बांधलेला प्रोग्रॅम लायब्ररीतले व्हेरिएबल कॉपी रिलोकेशनने स्वतःकडे आणतो. लायब्ररी मात्र प्रोटेक्टेड असल्यामुळे मूळ प्रतीवरच लिहीत राहते, आणि एकाच व्हेरिएबलच्या दोन प्रती तयार होतात. फंक्शनच्या पत्त्यांची तुलना करतानाही अशीच विसंगती येऊ शकते. आतल्या कॉलसाठी हिडन दृश्यतेचे एक उपनाव ठेवावे आणि बाहेर डिफॉल्ट नाव द्यावे, हा जुना मार्ग अधिक सुरक्षित आहे. ग्लिबसी स्वतः तोच वापरते. उपनावाचे मूळ फंक्शन त्याच सोर्स फाइलमध्ये असावे लागते, एवढेच पाळावे.

सी प्लस प्लसमध्ये ‘-एफव्हिजिबिलिटी-इनलाइन्स-हिडन’ही द्यावे, म्हणजे वर्गांच्या इनलाइन फंक्शनांच्या शेकडो वीक प्रती डायनॅमिक टेबलात येत नाहीत. पण जे एक्सेप्शन वर्ग लायब्ररीच्या सीमेपलीकडे फेकले आणि पकडले जातात, त्यांची दृश्यता डिफॉल्टच हवी. अन्यथा दोन्ही बाजूंची प्रकारमाहिती वेगवेगळी ठरून ‘कॅच’ जुळत नाही, अशी वेळ येऊ शकते.

पाचवी पायरी: दुसऱ्याची स्टॅटिक लायब्ररी आत घेताना

लिबपंचांगमध्ये आपण दुसऱ्याची एक ‘.ए’ लायब्ररी मिसळली, तर तिची सर्व नावे डिफॉल्ट दृश्यतेची असतात आणि ती आपल्या लायब्ररीतून बाहेर दिसू लागतात. त्याच लायब्ररीची वेगळी आवृत्ती प्रोग्रॅमने स्वतंत्रपणे घेतली असेल तर दोन आवृत्त्यांची फंक्शने एकमेकांत मिसळतात आणि क्रॅश भलत्याच ठिकाणी दिसतो. येथे लिंकरला ‘--एक्सक्लूड-लिब्ज’ पर्याय ‘ऑल’ या कॅपिटल शब्दासह द्यावा, ‘.ए’ लायब्ररींतून आलेली सर्व नावे मग हिडन मानली जातात. ती लायब्ररी ‘-एफपीआयसी’ने (यातली पीआयसी ही तीन अक्षरे कॅपिटल), म्हणजे मेमरीत कोणत्याही पत्त्यावर चालेल अशा कोडने, बांधलेली असणे ही पूर्वअट आहे.

आपल्यालाच ‘.ए’ स्वरूपात लायब्ररी द्यायची असेल तर हिडनचा थेट उपयोग होत नाही, कारण दृश्यता अंतिम लिंकच्या वेळी लागू होते आणि तोपर्यंत नावे ग्लोबलच राहतात. तेव्हा सर्व ऑब्जेक्ट फाइली ‘एलडी -आर’ने जोडून एकच ऑब्जेक्ट फाइल करावी, तिच्यावर ‘ऑब्जकॉपी --लोकलाइझ-हिडन’ चालवावे आणि मग ती ‘.ए’मध्ये ठेवावी. दोन लायब्ररींत सार्वजनिक नावांचाच संघर्ष असेल आणि सोर्स हाती नसेल, तर ‘--रिडिफाइन-सिम’ने नाव बदलता येते.

सहावी पायरी: व्हर्शन स्क्रिप्ट लिहा

दृश्यतेचा मॅक्रो सोर्समध्ये विखुरलेला असतो. व्हर्शन स्क्रिप्ट बाहेरच्या नावांची यादी एका फाइलमध्ये आणते. आपली स्क्रिप्ट चार ओळींची आहे: ‘पंचांग_१.०’ असे आवृत्तीचे नाव, महिरपी कंसात ‘ग्लोबल:’ आणि त्यापुढे दोन नावे, नंतर ‘लोकल:’ आणि तारकाचिन्ह, शेवटी कंस बंद करून अर्धविराम. तारकाचिन्हाची ओळ विसरली तर उरलेली नावे उघडीच राहतात. ही फाइल लिंकरला ‘--व्हर्शन-स्क्रिप्ट’ने द्यावी, जीसीसीमार्फत लिंक करत असाल तर पर्यायाआधी ‘-डब्ल्यूएल,’ लावावे, ज्यातला डब्ल्यू कॅपिटल आणि एल छोटा आहे.

स्क्रिप्टमध्ये ग्लोबल म्हटले म्हणून हिडन सिम्बॉल उघडा होत नाही, हे लक्षात ठेवावे. तसेच यादीत असलेले पण कुठेच व्याख्या नसलेले नाव ग्नू लिंकर मुकाट्याने सोडून देतो, तर एलएलव्हीएम प्रकल्पाचा लिंकर एलएलडी १६व्या आवृत्तीपासून त्यावर त्रुटी देतो. मला एलएलडीचे वागणे योग्य वाटते; ग्नू लिंकरलाही ‘--नो-अनडिफाइन्ड-व्हर्शन’ देऊन तसे करायला लावता येते.

आवृत्तीचे खरे मोल पुढे कळते. २०१० साली फेडोरा १४ मध्ये ग्लिबसीच्या ‘मेमकॉपी’ची नवी, वेगवान अंमलबजावणी आली, आणि एकमेकांवर चढलेल्या जागांवर हे फंक्शन चुकीने वापरणारे प्रोग्रॅम बिघडले, फ्लॅश प्लेयरचा आवाज विचित्र येऊ लागला. चूक वापरणाऱ्यांची होती, तरी तयार बायनरी दुरुस्त करणे कोणाच्या हातात नव्हते. २०११ च्या ग्लिबसी २.१४ मध्ये एक्स८६-६४ साठी ‘मेमकॉपी’ला नवी आवृत्ती दिली गेली: जुन्या बायनरींना ‘ग्लिबसी_२.२.५’ या आवृत्तीखालचे सुरक्षित वागणे मिळत राहिले आणि नव्याने लिंक होणाऱ्यांना ‘ग्लिबसी_२.१४’. एकच नाव, दोन व्याख्या, आणि दोघेही समाधानी.

आपल्यालाही हे जमते. ‘पंचांग_तिथी’ची आर्ग्युमेंट बदलायची झाली, तर स्क्रिप्टमध्ये ‘पंचांग_१.०’च्या खाली ‘पंचांग_२.०’ हा नवा गट लिहावा आणि जुन्या गटाचे नाव त्याच्या शेवटी द्यावे. सोर्समध्ये दोन वेगळ्या नावांची फंक्शने ठेवून असेंब्लरच्या ‘.सिमव्हर’ने जुने फंक्शन एका @ चिन्हाने आणि नवे दोन @ चिन्हांनी जोडावे. दोन चिन्हे म्हणजे नव्याने लिंक करणाऱ्यांना मिळणारी आवृत्ती. जीसीसी १० पासून यासाठी ‘सिमव्हर’ ॲट्रिब्यूटही आहे. एकदा प्रसिद्ध केलेल्या गटात नंतर नवे नाव घालू नये. वापरणाऱ्याच्या बायनरीत केवळ गटाचे नाव नोंदलेले असते, त्यामुळे जुनी लायब्ररी असलेल्या संगणकावर गट सापडतो पण फंक्शन सापडत नाही.

सातवी पायरी: जी नावे उघडी आहेत, त्यांच्यावर कोण बसू शकतो

सार्वजनिक दोन फंक्शने अजूनही बदलली जाऊ शकतात. आपली लायब्ररी इतरांआधी भरायला लावणारे ‘एलडी_प्रीलोड’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल याच सोयीवर चालते, आणि मेमरी तपासणारी कित्येक साधने ‘मॅलॉक’ अशाच रीतीने अडवतात. पण या शक्यतेची किंमत असते: उघडे फंक्शन बाहेरून बदलले जाईल, म्हणून ‘-एफपीआयसी’सह कंपाइल करताना जीसीसी ते त्याच फाइलमध्येही इनलाइन करत नाही. ‘-एफनो-सिमँटिक-इंटरपोझिशन’ दिले की तो हे बंधन सोडतो. पायथन ३.१० च्या शेअर्ड बांधणीत हा पर्याय आणला गेला, तेव्हा वेगात ३० टक्क्यांपर्यंत वाढ झाल्याचे त्या आवृत्तीच्या अधिकृत टिपणात नोंदले आहे. लिंकरचा ‘-बीसिम्बॉलिक-फंक्शन्स’ (बी कॅपिटल) हा पर्याय लायब्ररीच्या आतील फंक्शन कॉल तिथल्या तिथे जोडतो. नुसता ‘-बीसिम्बॉलिक’ व्हेरिएबलनाही तेच करतो आणि प्रोटेक्टेडच्या संदर्भात सांगितलेला दोन प्रतींचा प्रश्न परत उभा राहतो, म्हणून तो टाळावा.

एखादेच फंक्शन चाचणीपुरते अडवायचे असेल तर ‘--रॅप’ पुरेसा आहे. ‘--रॅप=नोंद_लिहा’ दिले की त्या नावाचे अपूर्ण संदर्भ ‘__रॅप_नोंद_लिहा’कडे जातात आणि मूळ फंक्शन ‘__रियल_नोंद_लिहा’ या नावाने मिळते. ज्या फाइलमध्ये व्याख्या आहे त्याच फाइलमधले कॉल मात्र अडत नाहीत, कारण तेथे संदर्भ अपूर्ण नसतो.

आठवी पायरी: प्रत्येक बांधणीत तपासणी

शेअर्ड लायब्ररी लिंक करताना ‘-झेड डेफ्स’ नेहमी द्यावे, म्हणजे कोणतेही अपूर्ण नाव लिंकच्या वेळीच उघड होते. ‘एनएम’ला कॅपिटल डी आणि ‘--डिफाइन्ड-ओन्ली’ देऊन मिळणारी यादी क्रमाने लावावी, एका फाइलमध्ये ठेवून ती फाइल सोर्ससोबत रेपॉझिटरीत जमा करावी, आणि प्रत्येक बांधणीत नव्या यादीशी तिची तुलना करावी. फरक आला तर बांधणी थांबावी. नाव वाढवायचेच असेल तर ती फाइल बदलण्याचा निर्णय माणसाने घ्यावा आणि तो परीक्षणात सगळ्यांना दिसावा.

चालत्या प्रोग्रॅमबद्दल शंका असेल तर ‘एलडी_डीबग’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला ‘बाइंडिंग्ज’ ही किंमत देऊन प्रोग्रॅम चालवावा. कोणत्या फाइलमधले कोणते नाव कोणत्या फाइलमधल्या व्याख्येशी जोडले गेले, याची ओळ न् ओळ छापली जाते. लिबपंचांगच्या सुरुवातीच्या बांधणीवर हे केले असते तर ‘नोंद_लिहा’च्या ओळीत डावीकडे लायब्ररीचे आणि उजवीकडे प्रोग्रॅमचे नाव दिसले असते, आताच्या बांधणीवर केले तर त्या नावाची ओळच येत नाही, कारण डायनॅमिक लिंकरकडे तो प्रश्न जातच नाही.